मायेच्या भरवशावर सोडलेली माणसं

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्या यादीत अंबरनाथचं नाव होतं, आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या आम्हा सगळ्यांना त्याचा मनापासून आनंद झाला. मोठं दुखणं आलं की कळवा, ठाणे, सायन, केईएम, जेजे ही स्टेशनांसारखी पाठ झालेली नावं. कर्जत लाईनच्या गर्दीत पेशंटला हाताला धरून चढवणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आता डॉक्टर आमच्या दारात तयार होणार आहेत.

मी याच पट्ट्यात नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. त्याआधी बरीच वर्षं वॉर्डात काम केलं आहे. या नव्या महाविद्यालयाच्या निमित्ताने आपल्याकडे एकच मागणी घेऊन आले आहे: महाविद्यालयाला जोडून, नोंदणीकृत परिचारिकांसाठी, बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या परिचर्येचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करावा. अतिदक्षता, कर्करोग, नवजात अर्भक, मनोविकार, वृद्धांची शुश्रूषा अशा विषयांत जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या परिचारिकेला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. बौद्धिक दिव्यांगांच्या परिचर्येसाठी तशी सोय नाही. २०११ च्या जनगणनेत या गटातली पंधरा लाखांहून अधिक माणसं देशात मोजली गेली, आणि घरच्यांनी दारावर आलेल्या प्रगणकाला सांगितली तेवढीच ती होती.

आमच्या अभ्यासक्रमात हा विषय अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. मानसिक आरोग्य परिचर्येच्या पुस्तकात, मुलांच्या मनोविकारांच्या प्रकरणात, तो येतो. व्याख्या, बुद्ध्यंकाचे चार गट, कारणांची यादी, परिचारिकेची कर्तव्ये. परीक्षेत पाच मार्कांची टीप येते. मग एक दिवस विशेष शाळेची भेट. मुलं युनिफॉर्ममध्ये जातात, शाळेतली मुलं त्यांना गाणं म्हणून दाखवतात, खाऊवाटप होतं, फोटो निघतो, फाईल लिहिली जाते आणि त्या फाईलवर मी सही करते. नंतर हीच मुलं ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात प्रॅक्टिकलला जातात आणि दोन्हीकडे पाहिलेलं त्यांच्या डोक्यात एकाच खणात जाऊन बसतं. ते रुग्णालय १९०१ सालचं आहे, तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते मनोविकारांचं शिक्षण आहे. संसदेने २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकाराची व्याख्या करताना बौद्धिक अक्षमता स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवली. अभ्यासक्रमाच्या आखणीत तिचा मुक्काम अजून मनोविकारांच्याच घरात आहे. माझे विद्यार्थी डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाला पाहून घाबरतात किंवा त्याचा गालगुच्चा घेतात. तिसरं काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४७ सांगतं की डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सगळ्या अभ्यासक्रमांत दिव्यांगत्व हा घटक आणला पाहिजे. कलम २५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य मिळालं पाहिजे. आपल्या राज्याने तर २०२२ च्या ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग जाहीर केला. प्राधान्य म्हणजे ओपीडीच्या रांगेत पुढे घेणं, एवढा अर्थ आज लावला जातो. पुढे घेतलेल्या माणसाशी बोलायचं कसं, त्याला कुठे दुखतंय हे ओळखायचं कसं, हे टेबलापलीकडच्या सिस्टरला येत नसेल तर रांग ओलांडून त्याच्या हाती काय लागलं?

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. बदलापूरचा पंचविशीतला मुलगा. बोलत नाही, हवं ते बोट दाखवून मागतो, नको ते हाताने सारतो. एका पावसाळ्यात तो स्वतःच्या गालावर बुक्के मारू लागला, रात्रभर जागा राहू लागला, ताट ढकलू लागला. घरचे दवाखान्यात घेऊन गेले. वागणूक बिघडली म्हणून झोपेचं औषध वाढलं. त्याने तो सुस्त झाला, पण बुक्के थांबले नाहीत. औषध पुन्हा वाढलं. सुस्तीमुळे खाणं कमी, पाणी कमी, पोट साफ होईना. शेवटी तो ज्या कार्यशाळेत जायचा, तिथल्या मावशींच्या लक्षात आलं की पोरगा बिस्किटसुद्धा एकाच बाजूने चावतोय. खालची अक्कलदाढ किडून गळू झालं होतं. दात काढल्यावर त्याला झोप लागली, ती औषधाशिवाय.

त्या मावशी शिकलेल्या नाहीत. त्यांनी जे पाहिलं ते पंधरा वर्षांच्या सहवासातून पाहिलं. असं पाहणं शिकवता येतं. वेदना सांगू न शकणाऱ्या माणसाचं नेहमीचं वागणं आधी नोंदवून ठेवायचं: आनंदात असताना चेहरा कसा, आवाज कसा, झोपतो कसा, घास किती घेतो. मग त्यात फरक पडला की तपासायचं ठरलेल्या क्रमाने: दात, कान, घसा, आम्लपित्त, बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, पाळीची पोटदुखी, पडून झालेलं फ्रॅक्चर. मानसिक औषधाचा विचार या सगळ्यानंतर. यासाठी लिखित तक्ते आहेत, जगात ते वापरले जातात. अशा माणसाची प्रत्येक तक्रार त्याच्या दिव्यांगत्वाच्या खात्यात टाकायची आणि खरा आजार दृष्टीआड होऊ द्यायचा, ही चूक इतकी ठरलेली आहे की परदेशात तिच्यावर स्वतंत्र धडे असतात. आपल्याकडे त्या मावशींचं कौतुक होतं, ‘किती माया आहे त्यांना’ म्हणून. मला या वाक्याचा आताशा राग येतो. माया होतीच. पण माया त्या मुलाच्या आईलाही होती, आणि तिला दाढ दिसली नाही. मावशींना जे येत होतं ते कौशल्य होतं, आणि त्याला माया म्हटलं की ते शिकवायची, त्याचा पगार द्यायची, त्याची पदं निर्माण करायची जबाबदारी सरकारवरून उतरते.

कौशल्य म्हणजे नेमकं काय, तेही थोडं सविस्तर लिहिते, कारण मंत्रालयात फाईल फिरेल तेव्हा ‘यात शिकवण्यासारखं एवढं काय आहे?’ असा शेरा कोणीतरी मारणार.

बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये साधारण पाचांत एकाला फिट्स येतात. आमच्याकडे फिट आली की अजूनही चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, दातांत चमचा घालतात. चमच्याने दात तुटतो, घास असेल तर तो आत जातो. कुशीवर वळवणं, घड्याळ पाहणं, पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकात मिडाझोलामचा फवारा मारणं, हे आईला, शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला, वसतिगृहाच्या काळजीवाहकाला करून दाखवणारं कोणीतरी हवं. फिटची नोंदवही ठेवायला शिकवणंही परिचारिकेचंच काम, कारण न्यूरॉलॉजिस्ट सहा महिन्यांनी भेटतो आणि त्याच्यासमोर आई ‘येतात अधूनमधून’ एवढंच सांगते.

भरवणं घ्या. सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक दिव्यांगत्व दोन्ही असलेल्या मुलाला आडवं ठेवून, मान मागे करून पातळ पेज पाजली जाते. ती थोडी थोडी फुप्फुसात उतरते. मुलाला वर्षातून तीनदा न्यूमोनिया होतो आणि घरचे म्हणतात, याची छातीच नाजूक. बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, छोट्या चमच्याने, दाटसर अन्न, घास गिळल्याची खात्री करून पुढचा घास. आजीला हे पटायला चार भेटी लागतात. त्या चार भेटी कोणी द्यायच्या?

डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. थायरॉईड वरचेवर तपासावं लागतं. काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात, म्हणून भूल देताना मान जपावी लागते. आणि आता ही मुलं मोठी होऊन चाळिशी-पन्नाशी गाठू लागली आहेत, तसा त्यांच्यात स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा खूप लवकर दिसतो. चाळीस वर्षांचा मुलगा अचानक संडासाची वाट विसरला की घरचे त्याला हट्टी म्हणतात. सरकारच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांत तपासणी करतात, ते चांगलंच आहे. पण अठरा वर्षांनंतर कोण? अठराव्या वाढदिवशी दिव्यांगत्व संपत नाही.

पाळीचा विषय मी मुद्दाम वेगळा काढते. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण असं दिलं गेलं की त्यांना पाळीची स्वच्छता सांभाळता येत नाही. स्त्री संघटनांनी आंदोलन केलं, देशभर वाद झाला. नैतिकतेवर तेव्हा खूप लिहिलं गेलं आणि ते लिहिणं गरजेचं होतं. मी परिचारिका म्हणून एक साधा प्रश्न विचारते: त्या मुलींना पॅड कसा बदलायचा हे शिकवण्यासाठी त्याआधी किती महिने, कोणी, कोणत्या पद्धतीने प्रयत्न केले होते? हे शिकवता येतं. चड्डीवर पॅडच्या आकाराची शिवण घालून, चित्रांच्या पट्टीवर एकेक पायरी दाखवून, बाहुलीवर करून, मग अंगावर. बऱ्याच मुलींना ते जमतं. काहींना शेवटपर्यंत मदत लागते, आणि मदत लागणं हा शस्त्रक्रियेचा निकष होऊ शकत नाही. २००९ मध्ये चंडीगडच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणीच्या संमतीशिवाय तिचा गर्भपात करता येणार नाही असं ठरवलं. संमती घ्यायची तर तिला समजेल अशा भाषेत, चित्रांत, तिच्या वेळेने समजावणारी व्यक्ती लागते. न्यायालय हक्क देऊ शकतं. तो पलंगाशेजारी बसून बजावायला मदत करणारी परिचारिका घडवणं आपल्या खात्याचं काम आहे.

आमच्याच जिल्ह्यातलं कवडास विसरता येत नाही. शहापूर तालुक्यातल्या तिथल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या संस्थेत कुपोषणाने मुलं दगावल्याच्या बातम्यांची २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मग राज्यभरच्या अशा बालगृहांची झाडाझडती सुरू झाली. पुढे प्रत्येक बातमीत दोषी कोण हे शोधलं गेलं, शोधायलाच हवं होतं. पण मुलाचं वजन दर महिन्याला तक्त्यावर मांडणं, ते उतरताना दिसलं की जेवण्याची पद्धत, जंत, दात, औषधं तपासणं, हे रोजचं काम करणारं शिकलेलं माणूस अशा संस्थांत असावं, हा आग्रह मला फारसा ऐकू आला नाही. देखरेख समित्या येतात आणि जातात. रोज सकाळी तिथे जी असते तीच मुलाला वाचवते.

आपल्याकडे मोठ्या मनाच्या माणसांची कमी नाही. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना स्वतःचं नाव दिलं, त्यांची लग्नं लावली, अठरा वर्षांवरच्या मुलांना संस्थेबाहेर काढू नये यासाठी सरकारदरबारी वर्षानुवर्षं भांडले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली शाळा आज जय वकील म्हणून देशाला माहीत आहे. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी एकत्र येऊन ‘घरकुल’ उभं केलं, बदलापूरजवळ बेंडशीळ गावात ‘संगोपिता’ चालतं. या लोकांपुढे मी हात जोडते. आणि तरीही म्हणते की सगळा भार त्यांच्यावर टाकून आपण मोकळे झालो आहोत. पुरस्कार देणं सोपं आहे. त्यांच्या संस्थेत पाठवायला प्रशिक्षित परिचारिका तयार करणं अवघड आहे, आणि तेच त्यांना हवं आहे.

बाहेरच्या जगाकडे पाहिलं तर आयर्लंडमध्ये १९५९ पासून या कामासाठी वेगळी परिचारिका घडवली जाते. नोंदणीपुस्तकात तिचा स्वतंत्र विभाग आहे आणि २००२ पासून तिला चार वर्षांची पदवी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये परिचर्येच्या चार शाखांपैकी एक शाखा हीच आहे. तिथे सगळं छान चाललंय असं मुळीच नाही. २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात ऑलिव्हर मॅकगोवन हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. तो ऑटिस्टिक होता, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व होतं. त्याला मानसिक आजाराचं एक औषध देऊ नका असं तो स्वतः आणि आईवडील सांगत होते, तरी ते दिलं गेलं. त्याच्या आईने लढा दिला आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या आरोग्य व काळजी सेवेतल्या कर्मचाऱ्यांना या विषयाचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. म्हणजे वेगळ्या शाखेच्या परिचारिका असूनही बाकीच्यांना शिकवावंच लागलं. आपल्याकडे ना ती शाखा, ना बाकीच्यांचं शिक्षण. आपल्या देशातून हजारो परिचारिका या देशांत नोकरीला जातात. माझ्या काही विद्यार्थिनीही तयारी करताहेत. तिथे गेल्यावर त्या हा विषय शिकतील आणि तिथल्याच माणसांना त्याचा उपयोग होईल.

आता, हे अंबरनाथलाच का?

या तीन गावांची घडण पाहा. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याण कॅम्पच्या बराकींतून उभं राहिलं, सिंधमधून सगळं सोडून आलेल्या माणसांचं. पुढे अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीच्या मागे कामगार आले. बदलापुरात गिरगाव, लालबाग, परळच्या चाळीतली कुटुंबं आली, कारण मुंबईत घर परवडेना. चाळीत बौद्धिक दिव्यांग मूल अख्ख्या मजल्याचं असायचं: समोरच्या काकू भरवायच्या, खालचे आजोबा फिरवायचे. बदलापूरच्या सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये ते फक्त आईचं आहे. वडील पहाटेची लोकल पकडून सीएसएमटीला जातात, एका बाजूने अडुसष्ट किलोमीटर, आणि रात्री मूल झोपल्यावर परततात. आईने नोकरी सोडलेली असते. ती पन्नाशीची होते, मूल पंचविशीचं आणि तिच्याहून वजनदार. त्याला आंघोळ घालताना तिची कंबर जाते. तिला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, हे प्रत्येक आईने मला जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलंय: माझ्यामागे याचं काय? राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ सालचा आहे, त्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं विमासंरक्षण मिळतं. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर चारमधल्या किती घरांना हे ठाऊक आहे? घरी जाणारी, फॉर्म भरून देणारी, औषधांचा डबा तपासणारी आणि तेवढ्यात आईचं ब्लडप्रेशरही बघणारी परिचारिका या घरांना हवी आहे.

सोयी इथे विखुरलेल्या आहेत, पण आहेत. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथचं छाया रुग्णालय आहे, विशेष शाळा आणि निवासी संस्था आहेत, ठाण्याचं मनोरुग्णालय तासाभरावर आहे. बौद्धिक दिव्यांगांच्या राष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय सिकंदराबादला आहे, तिचं प्रादेशिक केंद्र खारघरला. ठाण्याला गाडी बदलून पनवेल लाईन धरली की तिथे पोहोचता येतं. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट तयार करायची व्यवस्था देशात १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्यापासून बसली आहे. या सगळ्यांच्या मधली जागा, आजारी पडल्यावर आणि पडू नये म्हणून लागणारी, तेवढी रिकामी आहे.

अभ्यासक्रम कसा असावा, याबद्दलही मला काही सांगायचंय. वर्गातले तास कमी ठेवा. पहिले तीन महिने विद्यार्थिनीने एकाच विशेष शाळेत रोज सकाळी जावं, तीच मुलं रोज भेटावीत, म्हणजे नेहमीचं वागणं आणि बदललेलं वागणं यातला फरक तिच्या डोळ्यांना कळू लागेल. मग निवासी संस्थेत रात्रपाळीसह काम, कारण फिट्स आणि भीती दोन्ही रात्री येतात. मग दंतविभाग, न्यूरॉलॉजी, स्त्रीरोग विभाग. शेवटचे महिने घरभेटींचे, आशाताईंबरोबर, बराकींत आणि टॉवरांत दोन्हीकडे. उल्हासनगरला थोडी सिंधी यावी. ज्या आजीच्या हातात सगळ्या घराच्या औषधांचा डबा असतो, तिच्याशी तिच्या भाषेत चार वाक्यं बोलली की डबा उघडतो.

आणि शिकवायला आयांना बोलवा. पाहुण्या म्हणून, हार घालून नव्हे; मानधन देऊन, वेळापत्रकात तास देऊन. वीस-तीस वर्षं एकाच माणसाची परिचर्या केलेली व्यक्ती दुसरी कुठे मिळणार? रक्त काढताना कोणतं गाणं लावलं की हात स्थिर राहतो, सिरप कशात मिसळलं की ओळखू येत नाही आणि औषध असं लपवून देणं कधी चूक ठरतं, यावर माझ्या ओळखीच्या एका आईबरोबर माझा तासभर वाद झाला. त्या एका तासात मला जे कळलं ते कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. बौद्धिक दिव्यांग तरुणांनाही बोलवा, जे बोलू शकतात त्यांना. दवाखान्यात तुम्हाला काय आवडत नाही, हे त्यांनी सांगावं आणि विद्यार्थिनींनी लिहून घ्यावं. एका मुलाने मला सांगितलं होतं, ‘सिस्टर आईशी बोलते. मला सुई टोचते.’

आक्षेप येतील. पदं कुठे आहेत, हा पहिला. आज नाहीत, कबूल. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात एक आणि प्रत्येक अनुदानित निवासी संस्थेत एक, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. दिव्यांग कल्याण विभाग आणि आरोग्य विभाग एका टेबलाशी बसले तर. शासकीय सेवेतल्या अधिपरिचारिकांना पूर्ण पगारी प्रतिनियुक्तीवर पाठवलं तर पहिल्या तुकडीला नोकरीचा प्रश्नच येणार नाही. दुसरा आक्षेप: आधीच परिचारिका अपुऱ्या आहेत, एकेका वॉर्डात एक सिस्टर चाळीस पेशंट बघते, त्यात हे चोचले कशाला. मी त्या वॉर्डात उभी राहिले आहे, म्हणून हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण चाळीस पेशंटांत जो ओरडत नाही, बेल वाजवत नाही, पाणी मागत नाही, तोच आधी दुर्लक्षित होतो. अपुऱ्या मनुष्यबळाची किंमत सगळ्यांत आधी तोच भरतो. तिसरा आक्षेप मला घरातूनच ऐकावा लागतो: कोण येणार हे शिकायला? पुण्याच्या सेवासदनाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय घरातल्या मुलींना आणि विधवांना नर्सिंगकडे वळवलं तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं. परक्याच्या मलमूत्राला हात लावणारं काम म्हणून लोक नाकं मुरडत होते. मुली आल्या. आताही येतील. माझ्या वर्गातल्या दोघींनी विशेष शाळेच्या भेटीनंतर मला विचारलं, ‘मॅडम, यात पुढे शिकायचं असेल तर कुठे जायचं?’ मी त्यांना विशेष शिक्षिकेचा डिप्लोमा सुचवला, कारण दुसरं काही सुचवण्यासारखं नव्हतं. त्यांना शिक्षिका व्हायचं नव्हतं. त्यांना नर्सच राहायचं होतं.

आपल्या हातात आज तीन गोष्टी आहेत. भारतीय परिचर्या परिषदेकडे नव्या डिप्लोमाचा प्रस्ताव राज्याच्या वतीने पाठवणं. त्याला मान्यता मिळेपर्यंत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करून घेणं. आणि येत्या शैक्षणिक वर्षापासून ठाणे जिल्ह्यातल्या प्रत्येक नर्सिंग स्कूलला एक दिवसाच्या भेटीऐवजी विशेष शाळेत किंवा निवासी संस्थेत किमान दोन आठवड्यांचं काम अनिवार्य करणं. या तिसऱ्या गोष्टीला इमारत लागत नाही, नवं पद लागत नाही. एक परिपत्रक आणि शाळांना थोडा प्रवासखर्च पुरेसा आहे.

माझ्यापुरतं सांगते. शिकवायला तयार असलेल्या आयांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, मी गोळा केली आहेत. अंबरनाथ पूर्व, उल्हासनगर कॅम्प तीन आणि चार, कुळगाव, कात्रप. दोन आठवड्यांच्या प्रात्यक्षिकाचा आराखडा, रोजच्या नोंदींचे नमुने आणि मूल्यमापनाचा तक्ता लिहून ठेवला आहे. आपण अधिष्ठात्यांमार्फत बैठक बोलावली, तर त्या आयांना सोबत घेऊन येईन. फक्त बैठक दुपारी बारा ते तीनमध्ये ठेवावी. मुलं त्या वेळी शाळेत आणि कार्यशाळेत असतात.

आपली विश्वासू,
एक परिचर्या शिक्षिका,
बदलापूर (पूर्व)